श्वासातला अमोनिया आणि देवणीचे मामा

मूत्रपिंडं थकली की रक्तात युरिया साठत जातो. त्यातला काही लाळेत उतरतो, त्याचा अमोनिया होतो आणि तो श्वासाबरोबर बाहेर पडतो. पूर्वीचे डॉक्टर रुग्णाजवळ वाकले की त्यांना तो वास यायचा. नाकाला येणारा हा वास प्रकाशाकडून मोजून घ्यायचा, हे माझ्या पीएच.डी.चं काम होतं.

मी तेव्हा नांदेडच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. नवरा मुदखेडला रेल्वेत होता. दुपारी तास संपले की मी प्रयोगशाळेत जाऊन बसायचे. केसासारखा बारीक काचेचा तंतू घ्यायचा, मधल्या बोटभर भागावरचं त्याचं आवरण काढायचं आणि तिथं एका रंगाचा पातळ थर चढवायचा. रंग लिटमसच्या जातीचा. एरवी पिवळा, अमोनिया लागला की निळा. तंतूच्या एका टोकाला नारिंगी दिवा, दुसऱ्या टोकाला प्रकाश मोजणारा सेन्सर. थर निळा झाला की तो नारिंगी प्रकाश गिळतो आणि पलीकडे कमी पोचतो. किती कमी पोचला त्यावरून श्वासात अमोनिया किती ते काढायचं. मग कोरडी हवा सोडली की थर पुन्हा पिवळा. सांगायला सोपं आहे. तो थर एकसारखा चढवायला जमेपर्यंत माझे दोन पावसाळे गेले. म्हणजे कॅलेंडरवरचे पावसाळे. पाऊस त्या दोन्ही वर्षी आलाच नाही.

उपकरण एका चपट्या ॲल्युमिनियमच्या पेटीत बसलं. बाटलीतला अमोनिया ते चांगला ओळखत होतं. आता माणसं हवी होती, तीही डायलिसिसवरची. डायलिसिसच्या आधी श्वासात अमोनिया जास्त आणि नंतर कमी, असं दिसलं तरच उपकरण खरं. लातूरला एका ट्रस्टच्या छोट्या डायलिसिस केंद्रात माझ्या ओळखीच्या डॉक्टर होत्या. उदगीरला आम्ही एकाच शाळेत होतो, त्या माझ्यापुढे दोन वर्ग. मी त्यांना ताईच म्हणायचे. त्यांनी रीतसर परवानग्या मिळवून दिल्या आणि सांगितलं, "शनिवारी येत जा. पेशंटना पण तेवढाच विरंगुळा."

मग दर शनिवारी पहाटेची एसटी, मांडीवर पेटी. अहमदपूरला चहा, चाकूर मागे पडलं की लातूर. वाटेत दोन्ही बाजूंना उघडं रान आणि विहिरींवर टँकरची रांग. कंडक्टरनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काय हाय ओ ह्या पेटीत?"

"दिवा आहे. श्वास मोजायचा."

"मोजा की," तो म्हणाला. "आता तेवढंच फुकट राहिलंय."

देवणीचे मामा मला पहिल्या शनिवारी भेटले. आमच्याकडे वडीलधाऱ्या अनोळखी माणसाला मामाच म्हणतात, त्यामुळे नाव विचारायची गरज पडली नाही. उंच, काळेसावळे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग. आठवड्यातून दोनदा देवणीहून लातूरला यायचे. बरोबर मामी असायच्या. त्यांचं माहेर भालकीकडचं, त्यामुळे राग आला की त्या कानडीत बोलायच्या. बाकी वेळ गोड मराठी.

मी नळीला नवं तोंड लावून मामांपुढे धरलं. "मामा, सावकाश फुंकायचं. फुगा फुगवल्यासारखं जोरात नाही."

"फुंकून काय कळतंय, माय?"

"रक्तात किती घाण साठलीय ते. गोठ्यात गेल्यावर डोळ्यांना झोंबतं ना, तोच वायू तुमच्या श्वासात थोडासा येतो."

"म्हंजी माझ्या तोंडाला गोठ्याचा वास येतो म्हण की."

शेजारच्या स्टुलावरून मामी म्हणाल्या, "लग्नापासून येतोय. मशीन कशाला पायजे त्याला?"

सगळा वॉर्ड हसला. मामाही हसले आणि त्या हसण्यात त्यांचा पहिला श्वास वाया गेला. मग मी मामींनाही फुंकायला लावलं. एकाच घरातली, एकाच चुलीवरचं खाणारी निरोगी माणसं मला तुलनेसाठी हवीच होती.

त्या वॉर्डात दुःख फार दिसत नसे. माणसं तासन्‌तास सुयांना जखडलेली, पण गप्पा चालू. त्या वर्षी जिकडेतिकडे नव्या जिल्ह्याची बोलणी होती. उदगीर जिल्हा होणार, मग दवाखाना मोठा होणार, डायलिसिस तिथंच मिळणार. मामा या विषयावर अधिकारानं बोलायचे. "लातूर जिल्हा झाला तवा मी ज्वान होतो. त्याआधी कचेरीचं काम निघालं की उस्मानाबाद. जिल्हा झाला अन् तो हेलपाटा वाचला. आता उदगीर होऊ द्या, हा बी हेलपाटा वाचंल."

"तवर मी तर वाचलो पायजे," पलीकडच्या खाटेवरचे गुरुजी म्हणायचे आणि पुन्हा हसू.

पाण्याचा विषयही निघायचाच. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. या लोकांना दिवसाला मोजकंच पाणी प्यायची मुभा, आणि डायलिसिसच्या मशीनला मात्र शुद्ध पाणी भरपूर लागतं. मामा म्हणायचे, "माणसाला वाटीभर अन् मशीनला हौदभर. लई नवाबी मशीन हाय."

मला तिथल्या उन्हानं एक मदत केली. श्वासातली वाफ थरावर साचली की माझं मोजमाप बिघडायचं. नांदेडला त्यासाठी मी नळीला तापवायची तार गुंडाळली होती. लातूरच्या एप्रिलमध्ये ती तार लावावी लागलीच नाही.

एका शनिवारी टँकर आला नाही. सकाळी येतो म्हणाला, अकराला येतो म्हणाला, मग फोनच उचलेना. टाकीत तळाला थोडं पाणी होतं, त्यावर एकाचंही डायलिसिस पुरं झालं नसतं. पेशंट बाकांवर बसून राहिले. मी रिकामीच होते, म्हणून तासातासानं त्यांचे श्वास घेत गेले. जसजसा दिवस चढला तसतसा पलीकडे पोचणारा प्रकाश कमी होत गेला. इतका स्वच्छ, इतका सरळ आलेख मला कधी मिळाला नव्हता. मी दोन वर्षं ज्याची वाट पाहत होते तो कागदावर उतरत होता आणि समोर गुरुजी पाय सुजून भिंतीला टेकले होते. मी पेटी बंद केली आणि ताईंना म्हटलं, "आपण दोघी जाऊन कुठं पाणी मिळतं का बघू या."

रस्त्याच्या पलीकडे मंगल कार्यालय होतं. मांडव घातलेला, आचाऱ्यांची चूल पेटलेली, आणि फाटकाशी एक भरलेला टँकर उभा. ताईंनी मुलीच्या वडिलांना गाठलं. फेट्याचं कापड खांद्यावर टाकलेले गृहस्थ, आधीच घामाघूम. ताई एप्रनमध्येच होत्या. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

ते क्षणभर टँकरकडे बघत राहिले. मग त्यांनी आचाऱ्याला हाक मारली. "स्वैपाकाला अन् प्यायला पुरंल एवढं काढून घ्या. बाकीचं समोर जाऊ द्या."

"अन् पंगतीला हात धुवायला?" आचारी म्हणाला.

"पत्रावळ्या हाईत, हात पुसायला कागद आणतो. वऱ्हाडाला मी सांगतो."

त्यांनी सांगितलंही. माइकवरून. आम्हाला इकडे ऐकू आलं. डायलिसिस सुरू झालं तेव्हा समोर मंगलाष्टकं लागली होती. संध्याकाळी मुलीच्या वडिलांनी वॉर्डात बुंदीची परात पाठवली. पथ्यामुळे कुणाला खायची परवानगी नव्हती, पण ताईंनी प्रत्येकाच्या हातावर चार-चार दाणे ठेवले. मामा म्हणाले, "लग्नाला आलो अन् आहेर केला न्हाई असं वाटायलंय."

अडचण मामांचीच निघाली. बाकी सगळ्यांचे आकडे डायलिसिसनंतर खाली यायचे. मामांचे कधी यायचे, कधी नाही. कधी तर नंतरचा आकडा आधीपेक्षा वर. ताई म्हणायच्या, रक्ताच्या तपासणीत युरिया व्यवस्थित उतरलाय. म्हणजे चूक माझ्या पेटीत.

नांदेडला माझ्या मार्गदर्शक सरांनी आलेख पाहिले. "एकच रुग्ण विचित्र आहे ना? वगळून टाका."

"वगळायचं तर कारण लिहावं लागेल, सर. कारण मला माहीत नाही."

"मग शोधा," सर म्हणाले आणि पानाचा डबा उघडला.

मी शोधलं. मामांच्या देवणी जातीच्या दोन गाई चारा छावणीत होत्या. कपड्यांना गोठ्याचा वास लागून येत असेल, म्हणून मी नुसती त्यांच्याजवळची हवा मोजली, काही नव्हतं. तंतू बदलला. औषधांच्या चिठ्ठ्या ताईंकडून समजून घेतल्या. मामींचा श्वास प्रत्येक वेळी अगदी सरळ, त्यामुळे घरच्या जेवणाचा दोष नव्हता.

पुढच्या शनिवारी डायलिसिस झाल्यावर मामा म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो." परत येऊन त्यांनी फुंकलं आणि प्रकाश एकदम खाली गेला. नळी परत घेताना मला त्यांच्या अंगठ्याच्या नखात पांढरं दिसलं.

"मामा, नखात काय लागलंय?"

"इभूत हाय, माय," ते म्हणाले आणि कपाळ दाखवलं. कपाळावर तीन पट्टे होतेच. माझं समाधान झालं.

परतीच्या एसटीत माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. अहमदपूर सोडल्यावर त्यांनी तळहातावर तंबाखू घेतली, डबीतून अंगठ्याच्या नखावर चुना काढला आणि मळायला लागले. मी त्यांच्या नखाकडे इतका वेळ बघत राहिले की त्यांनी संकोचून विचारलं, "घेता का बाई?"

सोमवारी मी पानटपरीवरून चुन्याची पुडी आणली. प्रयोगशाळेत आधी स्वच्छ तोंडानं फुंकलं, मग जिभेवर नखभर चुना ठेवून, चूळ न भरता पुन्हा फुंकलं. जीभ पोळली, पण प्रकाश खाली गेला. लाळेत अमोनिया थोडा प्रत्येकाच्याच असतो, विरघळून गप्प बसलेला. चुना त्याला हवेत हाकलतो. मामांच्या लाळेत तर तो मुळातच जास्त. मी सरांना बोलावलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, उपकरणाकडे पाहिलं, डब्यातलं पान चुना लावून खाल्लं आणि स्वतः फुंकलं. प्रकाश पुन्हा खाली गेला.

"अरेच्चा," सर म्हणाले. "हे वगळू नका. हे वेगळं प्रकरण होईल."

मी इतकी खूश होते की शनिवारपर्यंत दम निघेना. पण केंद्रात पोचल्यावर वाटलं, मामांना हे एकट्यालाच विचारावं. मामी बाहेर औषध आणायला गेल्या तसं मी हळूच म्हटलं, "मामा, तुम्ही तंबाखू खाता का?"

मामा काही बोलायच्या आत दारातून आवाज आला. "शिवरात्रीला सोडली त्यांनी." मामी परत आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामांच्या हाताकडे. "काय लागलंय नखाला?"

"इभूत."

"इभूत तीन बोटांनी लावतेत. अंगठ्याचं काय काम?"

मामा म्हणाले, "अगं, ऐक तर..."

"सुम्मनिर्री," मामी म्हणाल्या. गप्प बसा, एवढंच. पण बाकी वॉर्डही गप्प बसला. मला वाटलं आता भांडण होणार. मामी भांडल्या नाहीत. औषधाची पिशवी स्टुलावर ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या, पदरात तोंड घालून.

मी मागे गेले. मला त्यांचं रडणं तंबाखूच्या मानानं फार मोठं वाटलं. पदरानं डोळे पुसून त्याच बोलल्या. "मी माझं मूत्रपिंड देणार हाय त्यास्नी. तुमच्या डॉक्टर ताईला इचारलं, तपासणी बी केली. जुळतंय. ताई म्हणाली, आधी तंबाखू सुटली पायजे, तवर हैदराबादचे डॉक्टर हात लावणार न्हाईत. मी म्हणाले, सुटलीय, कवाच सुटलीय."

"मामांना माहीत आहे?"

"न्हाई. सांगितलं तर नको म्हणतील. समदं ठरवून मग सांगणार होते."

आम्ही आत गेलो तेव्हा मामींनी ते मामांना सांगितलं. सगळ्यांच्या देखत, उभ्या उभ्या. मामा खाटेवर आडवे, एका हाताला सुया, त्यामुळे उठूनही बसता येईना. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. तसेच म्हणाले, "मला वाटलं, आता कुठं लई दिवस राहिलेत. सोडून काय मिळवायचं? म्हणून खात होतो. अन् तुझं काढून मला नको."

"तुम्हाला कोण इचारायलंय?" मामी म्हणाल्या. "माझं हाय, मी कुणाला बी देईन. गुरुजीला देऊ का?"

गुरुजी पलीकडून म्हणाले, "मी घेतो की, वैनी. लगेच."

मामांना हसू आवरेना. हसताना त्यांचे डोळे भरून आले. मशीनची नळी हलायला लागली तशी ताई धावत आल्या आणि आम्हा सगळ्यांना रागावल्या. थोड्या वेळानं मामांनी मोकळ्या हातानं बंडीच्या खिशातली तंबाखूची चंची काढून मामींच्या ओटीत टाकली.

तिथून पुढे माझ्या पेटीला वेगळंच काम लागलं. मी चूळ भरायला लावून श्वास घेण्याची पद्धत पक्की केली होती. घोटभर पाणी प्रत्येकाला, दुष्काळात तेही जपून. पण मामा हट्टानं म्हणायचे, "आधी चूळ न भरता घे. हिला बघू दे." मग ते फुंकायचे आणि मामी अमोनियाच्या रेघेवर डोळे लावून उभ्या राहायच्या. रेघ मुकाट खाली येत गेली. एका शनिवारी ती जरा वर चढली आणि मामी कमरेवर हात ठेवून वळल्या. मामा कळवळून म्हणाले, "न्हाई गं, देवाशप्पथ न्हाई." मी तंतू तपासला. थर जुना झाला होता. नवा लावला, रेघ जागेवर आली आणि मामा चेहरा पाडून मला म्हणाले, "माय, तुझ्या दिव्यापायी माझा संसार मोडत होता बघ."

त्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. दिवाळीनंतर हैदराबादला दोघांचं ऑपरेशन झालं. तिथं फार दिवस राहावं लागलं, मधे एकदा मामांना ताप आला, ताईंचा फोन यायचा तेव्हा मी घाबरूनच उचलायचे. पण दोघं चालत घरी आली.

माझा प्रबंधही झाला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी काचेच्या तंतूबद्दल थोडं आणि चुन्याच्या प्रकरणाबद्दल खूप विचारलं. पेटी अजून दवाखान्यात वापरण्याजोगी झालेली नाही, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. माझे विद्यार्थी आता तिच्यावर पुढचं काम करताहेत. थर लवकर जुना होतो, ती अडचण आहेच.

देवणीला मात्र मी ऑपरेशननंतरच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला जाऊन आले. पेटी नेली होती. मामांनी मास्क खाली करून फुंकलं, रेघ जेमतेम हलली. मामींनी फुंकलं, तीही तेवढीच. मामांनी दोन्ही रेघा निरखून पाहिल्या आणि विचारलं, "ह्यातली माझी कंची?" मी दाखवली. त्यांनी मामींकडे बघून मान हलवली.

जेवायला भाकरी, शेंगांची चटणी आणि ताज्या मेथीची भाजी होती. छावणीतून परत आलेल्या गाईंपैकी एक व्यायली होती. कानांपर्यंत काळ्या ठिपक्यांचं वासरू दावणीला उड्या मारत होतं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मामा त्याच्यापासून दोन हात लांब उभे राहून त्याच्याशी बोलत होते. मग ते झोपायला गेले. मामींनी ओसरीवर चिंचांचा ढीग ओतला, मला एक लाकडी दस्ता दिला आणि आम्ही दोघी चिंचोके काढत बसलो. त्या भालकीच्या चिंचांविषयी सांगत होत्या. एसटीला अजून अवकाश होता.